कच्च्या कैद्याचे मत

बेळगावच्या पूर्वेस, हलग्याजवळील सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा शहराच्या पश्चिमेस हिंडलग्याच्या कारागृहात असेही बंदी असतात की ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२ (५) त्यांना मतदानाची मनाई करते. प्रतिबंधक स्थानबद्धांस तेवढी ती लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली हे कलम वैध ठरविले. २०१३ च्या दुरुस्तीने कच्च्या कैद्यास उमेदवारी मात्र खुली ठेवली! त्याच आरोपाखालील एकजण जामीन भरून मतदान करतो, दुसरा ऐपतीअभावी त्यास मुकतो. हा कायदा बदलणे संसदेच्या हाती आहे. तथापि तशी शिफारस करणारा ठराव आणि खटल्यांचा त्वरित निकाल, एवढे तरी विधिमंडळाकडे मागणे रास्त नव्हे काय?