पोरगं घोरतंय, म्हणजे गाढ झोपलंय?

‘आमच्या चिरंजीवांची झोप म्हणजे काय विचारता! पिठाची गिरणी चालू असल्यासारखं घोरतो!’ हे वाक्य आपण किती वेळा हसत हसत ऐकतो. गेल्या दिवाळीपर्यंत मीही हसत होते.

दिवाळीला धाकटे दीर-जाऊ आमच्याकडे तासगावला आले होते. पुतण्या 14 वर्षांचा, नववीत, वजन 82 किलो. घरात माणसं जास्त, म्हणून सगळी पोरं माझ्या खोलीत गाद्या टाकून झोपली. याचं घोरणं सुरू झालं आणि माझी झोप उडाली. ऐकता ऐकता जाणवलं, की घोरणं मध्येच थांबतंय. दिवा लावून पाहिलं तर छाती-पोट हलत होतं, पण नाकातोंडातून हवाच येत नव्हती. मी मनात आकडे मोजू लागले. बारापर्यंत आले आणि तो घुसमटल्यासारखा मोठा श्वास घेऊन कुशीवर वळला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. त्या रात्री मी मोजतच बसले.

सकाळी चकल्या तळताना जाऊबाईला विचारलं. म्हणाली, ‘‘ताई, तो लहानपणापासून असाच. इतका झोपतो, तरी शाळेत पेंगतो. सकाळी डोकं दुखतं म्हणून क्लासला उठत नाही. हे तर त्याला आळशीच म्हणतात.’’ मग कढईतली नजर न काढता हळूच म्हणाली, ‘‘अजून अंथरूण ओलं करतो हो कधी कधी. कुणाला सांगू? तिळाचे लाडू देऊन झाले, दृष्ट काढून झाली. म्हणून तर पाहुण्यांकडे राहायला नको म्हणतो.’’

आमच्या महिला मंडळाच्या शिबिरांना येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, ‘‘रक्तदाब पाहिलाय का त्याचा?’’ चौदा वर्षांच्या पोराचा रक्तदाब! मला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. पण त्यांनी बोलावून घेतलं. दंडाला नेहमीचा पट्टा लहान पडत होता. लहान पट्ट्यानं आकडा खोटाच जास्त येतो, म्हणून त्यांनी मोठा पट्टा शोधून आणला. वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजला, तरी 138/88 च्या आसपासच. तेरा वर्षांपुढच्या मुलांत 130/80 पासूनच तो जास्त धरतात.

मग त्यांनी समजावून सांगितलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. त्यात गळ्याभोवती, जिभेत चरबी असली किंवा टॉन्सिल्स वाढलेले असले, की वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरून शरीराला अर्धवट जागं करतो, नाडी धावते, रक्तदाब चढतो. हे रात्रभर चालतं. झोपेत रक्तदाब खाली यायचा, हृदयाला विसावा मिळायचा, तोच मिळत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं तर हृदयाची भिंत जाड होऊ लागते. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. अंथरूण ओलं होणं, सकाळची डोकेदुखी, वर्गातलं पेंगणं, सगळं त्याच माळेतलं! आणि थकलेलं पोर खेळत नाही, अपुऱ्या झोपेनं भूक मात्र वाढते, म्हणजे वजन आणखी वाढणार. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2021 मध्ये म्हटलंय, की एकूण मुलांत हे शंभरात 1 ते 6 जणांना असतं, पण लठ्ठ किशोरवयीन मुलांत शंभरात 30 ते 60 जणांना.

मिरजेला तपासणी झाली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून एक रात्र झोपवलं. तासाला 14 वेळा श्वास अडत होता. मुलांत तासाला एकापेक्षा जास्त वेळा अडला तरी दोष मानतात, दहाच्या वर म्हणजे तीव्र. हृदयाची सोनोग्राफी सुदैवानं ठीक निघाली.

टॉन्सिल्स आणि नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड गाठी काढल्या. बारीक मुलांचं बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं (हो, बारीक मुलांनाही हे होतं). जाड मुलांत थोडं शिल्लक राहतं, याचंही राहिलं. म्हणून रात्री नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र आलं. पहिला आठवडा त्यानं ते काढून फेकलं. ‘‘काकू, मित्रांना सांगू नकोस हं,’’ एवढ्या अटीवर लावायला लागला. चहाबरोबरचा बिस्किटांचा पुडा आणि बाटलीतलं गोड पेय बंद झालं, संध्याकाळी दीर त्याच्याबरोबर चालायला जातात. उपाशी मात्र ठेवायचं नाही, वाढीचं वय आहे.

‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुक करायचं आणि पेंगला की आळशी म्हणून रागवायचं, हे मीही केलंय. मुलींच्या बाबतीत तर आणखीच अवघड. मुलगी घोरते हे पुढे लग्नाला आड येईल म्हणून आया डॉक्टरांपुढेही तोंड उघडत नाहीत. आठवड्यातल्या तीन-चार रात्री मूल घोरत असेल, तर झोपेत त्याचं मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रण करा आणि डॉक्टरांना दाखवा. आपण शब्दांत सांगण्यापेक्षा त्यांना त्यातून चटकन कळतं.

परवा जाऊबाईचा फोन आला. ‘‘ताई, काल रात्री याचा आवाजच येईना. दचकून उठले, जाऊन नाकापाशी हात धरला. शांत झोपला होता हो! मग मलाच झोप लागेना.’’