दोन वर्षांच्या लेकीला घेऊन शिकायला विलायतेत

मुलचेऱ्यातल्या मुलींनो, पंडिता रमाबाईंचा हा प्रवास नक्की वाचा.

१८८२ मध्ये त्यांचे पती वारले. त्याच वर्षी त्यांचं ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला. एप्रिल १८८३ मध्ये मुंबईहून बोटीनं त्या निघाल्या, तेव्हा लेक मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. सोबतीला मैत्रीण आनंदीबाई भगत.

मुक्काम इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात. प्रवासाची हकीकत त्यांनी मराठीत पत्रातून कळवली. ती ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून छापली गेली. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कमी ऐकू येत असल्यानं ते राहिलं. वाँटेजलाच मैत्रिणीचा दुर्दैवी मृत्यू झाला. तरी रमाबाई मागे फिरल्या नाहीत. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या गणित, विज्ञान, इंग्रजी शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवूही लागल्या.

१८८६ मध्ये अटलांटिक ओलांडून त्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियात पोचल्या. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही शाळा सुरू केली.

आज परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी:

▪️ अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाची परदेश शिष्यवृत्ती, तर अनुसूचित जातीसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

▪️ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनमध्ये बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येत नाही, पीएच.डी. आणि संशोधन अभ्यासक्रमांना मुभा आहे. लेकरू सोबत न्यायचं असेल, तर अभ्यासक्रम निवडतानाच हे पाहा.