जुनी आलिशान मोटार आणि बेताची मिळकत



मोटारगाडी ही एके काळीं संस्थानिकांच्या आणि सावकारांच्या दारांत शोभणारी वस्तु होती. आज ती मध्यम स्थितींतल्या कुटुंबांच्या दारांतही आली आहे, आणि तिच्यामागोमाग एक नवा मोहही आला आहे. पन्नास-साठ लाखांची जर्मन बनावटीची मोटार आठ-दहा वर्षें वापरल्यावर कधीं कधीं दहा-बारा लाखांस विकावयास निघते. तेवढ्याच रकमेंत एक साधी नवी गाडी येते. मग घरांतला मुलगा विचारतो, "बाबा, त्याच पैशांत ती मोठी गाडी कां घेऊं नये?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला "हीं थेरं आपल्याला नकोत" एवढेंच उत्तर देणें बरोबर नाहीं. हा व्यवहार सर्वस्वीं वेडेपणाचा नव्हे. परंतु तो कोणत्या हिशेबावर उभा आहे हें समजून केला तरच तो शहाणपणाचा ठरतो. तोच हिशेब आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम, या गाड्या आपल्या भागांत आल्या कशा तें पाहूं. मर्सिडीझ-बेंझ कंपनीनें भारतांत १९९४ सालीं पुण्यास बस्तान बसविलें. पुढें २००७ सालीं ऑडी गाड्यांची जुळणी औरंगाबादेजवळ शेंद्रा येथें सुरू झाली. आणि २०१० च्या ऑक्टोबरांत त्याच औरंगाबाद शहरांत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, एक अपूर्व गोष्ट घडली. तेथल्या व्यापारी व व्यावसायिक मंडळींनीं एकत्र येऊन सुमारें १५० मर्सिडीझ गाड्या एकदम विकत घेतल्या. सौदा सुमारें ६५ कोटि रुपयांचा होता. देशभरच्या वर्तमानपत्रांनीं त्याची वार्ता छापली. अजिंठ्याच्या वाटेनें गेलें तर आपल्या मेहरूणपासून तें शहर सुमारें दीडशें किलोमीटरांवर आहे. २०२५ च्या ऑक्टोबरांत त्या घटनेला १५ वर्षें पुरीं झालीं. आपल्या कायद्यानें खासगी मोटारीची पहिली नोंदणीही १५ वर्षांचीच असते. अशा रीतीनें पहिल्या धनिकाच्या हौसेचा काळ जेथें संपतो, तेथें दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हिशेबाचा काळ सुरू होतो.

आतां मुख्य सिद्धान्त सांगतों. मोटारीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाहीं. साठ लाखांची गाडी दहा लाखांना मिळाली म्हणून तिचा दिवा, तिचा बंपर किंवा तिचा गिअरबॉक्स एक-षष्ठांश किंमतीला मिळत नाहीं. तो साठ लाखांच्या गाडीचा म्हणूनच विकत घ्यावा लागतो. जळगांव ही सराफीची पेठ. येथल्या गृहिणीला सांगावयास नको कीं जुना दागिना मोडला तरी सोनें सोन्याच्या भावानें जातें, जाते ती फक्त घडणावळ. मोटारीचें याच्या अगदीं उलट आहे. तिच्यांत सोनें थोडें आणि घडणावळच फार. म्हणून दागिना मोडून मोटार घेणाराानें हा भेद आधीं ध्यानांत घ्यावा.

यावरून अंदाजपत्रक कसें करावें तें निघतें. समजा, एका कुटुंबाजवळ १२ लाख रुपये आहेत. त्यानें १२ लाखांची गाडी पाहूं नये. ९ लाखांची पाहावी. एक लाख रुपये विमा, नांवपालट, तपासणी आणि पहिली पूर्ण देखभाल, म्हणजे सर्व तेलें, गाळण्या, बॅटरी, यांसाठीं ठेवावे. उरलेले दोन लाख बँकेंत निराळे ठेवून त्यांना लग्नकार्यासाठींही हात लावूं नये; ते त्या मोटारीचे आहेत. शिवाय चालू खर्च आहेच. वर्षाला १० हजार किलोमीटर गाडी फिरली, लिटरला १० किलोमीटर गेली, आणि पेट्रोलचा दर शंभर रुपये धरला, तर एक लाख रुपये नुसतें पेट्रोलच झालें. कर्ज काढून गाडी घेणाऱ्यानें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी: जुन्या गाडीवरच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीवरच्याहून सामान्यतः अधिक असतो.

किंमत ठरवितांना विक्रेता नेहमीं जुन्या काळची नवी किंमत सांगतो. ती ऐकून घ्यावी, पण आजच्या नव्या किंमतीशीं ताडून पाहावी. मोठ्या गाड्यांवर पूर्वीं वस्तु व सेवा कर आणि उपकर मिळून ४५ ते ५० टक्क्यांचा भार असे. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून उपकर जाऊन एकच ४० टक्के कर राहिला. नव्या मालाचा कर उतरला कीं जुन्या मालाचा भावही उतरला पाहिजे, हें अर्थशास्त्राचें साधें सूत्र आहे.

विम्याविषयीं पुष्कळांचा गैरसमज असतो. अपघातांत मोडलेल्या भागांची भरपाई देतांना साधा विमा रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांवर निम्मी किंमत घसारा म्हणून कापून घेतो. आलिशान मोटारीचा पुढचा बंपर प्लास्टिकचाच असतो. म्हणजे त्याची अर्धी किंमत मालकाच्या खिशांतून जाते. हा घसारा माफ करणारा जादा विमा मिळतो खरा, परंतु गाडी पांच वर्षांहून जुनी झाली कीं पुष्कळ कंपन्या तो देण्यास कांकूं करतात. तसेंच, दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या मालकाची असते, गाडीची नव्हे. ती गाडीबरोबर आपल्याकडे येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. मेहरूणचें बोर वरून तांबूस, तजेलदार दिसलें म्हणून आंत अळी नसेलच असें नाहीं. तें फोडूनच पाहावें लागतें. मोटारीचेंही तसेंच. रंग चढविणें स्वस्त असतें आणि यंत्र दुरुस्त करणें महाग असतें, म्हणून विकाऊ गाडी बाहेरून नेहमींच सुंदर असते.

पहिली परीक्षा थंड यंत्राची. आपण येण्यापूर्वीं गाडी सुरू करून ठेवूं नये असें विक्रेत्यास बजावावें. यंत्राच्या आंतली साखळी सैल झाली असेल तर तिचा खडखडाट थंड यंत्र सुरू होतांनाच स्पष्ट ऐकूं येतो; यंत्र तापल्यावर तो पुष्कळदां दबतो. खानदेशांत वैशाखांत पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. एवढ्या उष्णतेनें थंडाव्याच्या पाण्याच्या प्लास्टिकच्या जोडण्या आणि रबराच्या नळ्या कडक होऊन तडकतात. त्या हातानें चाचपून व दिव्यानें पाहून घ्याव्या.

दुसरी परीक्षा हवेवर तोललेल्या गाडीची. कांहीं मोटारींत लोखंडी स्प्रिंगांऐवजीं हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. त्यांमुळें बसणाऱ्यास धक्का म्हणून जाणवत नाहीं. पण रबर वयानें भेगाळतें, हवा झिरपते, ती भरून काढण्यासाठीं पंप सारखा चालत राहतो आणि अखेर जळतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीं पाहावी. एखादा कोपरा खालीं बसलेला दिसला तर खर्च ठरलेलाच समजावा.

तिसरी परीक्षा डिझेल गाडीची. धुरांतली काजळी अडविण्यासाठीं नव्या डिझेल गाड्यांत, आणि २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या बी. एस. ६ नियमाच्या गाड्यांत तर सर्रास, एक गाळणी असते. गाडी मोठ्या रस्त्यावर कांहीं वेळ एकसारखी धांवली कीं धूर तापतो आणि ती काजळी आपोआप जळून जाते. परंतु मेहरूणहून बाजारपेठेंत आणि बाजारपेठेंतून घरीं, अशा तीन-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांत ती कधीं तापतच नाहीं, गाळणी तुंबते. ज्याची धांव गांवांतल्या गांवांत आहे त्यानें असली डिझेल गाडी घेऊं नये. पेट्रोल गाडी घेणाऱ्यानें इंधनाचा विचार करावा. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकणारे भाग नव्या गाड्यांत बसविण्याचा दंडक २०२३ च्या एप्रिलपासूनचा आहे. त्यापूर्वींची गाडी किती मिश्रणासाठीं बनविली आहे तें तिच्या माहितीपुस्तकांत वाचून पाहावें.

चौथी परीक्षा संगणकाची. चालकाच्या पायाजवळ, फळीखालीं सोळा टांचण्यांची एक खोबण असते. तेथें तपासणीचें यंत्र जोडलें कीं मोटारीच्या पोटांतले दोष वाचतां येतात. लबाड विक्रेता हे दोष आदल्या दिवशीं पुसून टाकतो. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या अंतर्गत चांचण्या अपुऱ्या राहतात, आणि त्या अपुऱ्या असल्याचें तेंच यंत्र सांगतें. तेव्हां दोष नाहीं एवढ्यानें समाधान न मानतां चांचण्या पुऱ्या आहेत कीं नाहींत हें विचारावें. किल्ली फिरवितांच एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो मुळींच लागत नसेल तर तो दडपलेला आहे असें समजावें.

पांचवी परीक्षा पुराची. २००५ च्या २६ जुलैला मुंबईंत आणि २०१९ च्या ऑगस्टांत सांगली-कोल्हापुरांत अनेक गाड्या पाण्याखालीं गेल्या. अशा गाड्या धुवूनपुसून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जाऊं शकतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या टोंकाला गाळाची रेषा राहते. गालिच्याखालीं आणि जादा चाकाच्या खळग्यांत हात घालावा. टायरवर चार आंकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी वीस हजार किलोमीटरच फिरली म्हणतात आणि टायर तर दुसऱ्या जोडीचे, असें दिसलें कीं आंकड्यांचा मेळ कोठें चुकला तें विचारावें.

आतां कागदपत्रें. नोंदणीपुस्तकावरील सांगाड्याचा सतरा अक्षरांचा क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकाशीं स्वतःच्या डोळ्यांनीं ताडून पाहावा. मालक कितवा, विमा केव्हांपर्यंत, कर्जाचा बोजा आहे काय, दंड थकला आहे काय, हें सरकारी परिवहन संकेतस्थळावर पाहतां येतें. बोजा असल्यास नमुना ३५ आणि बँकेचें ना-हरकत पत्र. नांवपालटासाठीं नमुना २९ व ३०. गाडी परराज्यांतील असल्यास नमुना २८ चें ना-हरकत पत्र, आणि महाराष्ट्राचा कर निराळा. दिल्लीची स्वस्त गाडी येथें आणल्यावर कशी महाग होते, तें या शेवटच्या ओळींत आहे. गाडी विकत घेतल्यापासून ३० दिवसांच्या आंत नव्या मालकानें आर. टी. ओ. कचेरींत कळविलें पाहिजे, आणि विमा कंपनीस १४ दिवसांत. विकणाऱ्यानेंही आळस करूं नये. पुस्तकावर ज्याचें नांव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा निर्णय आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणी पांच पांच वर्षांनीं वाढवावी लागते. साध्या मोटारीला त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून ५ हजार रुपये झाली, आणि परदेशांतून आयात केलेल्या मोटारीला ४० हजार. पर्यावरण कर वेगळा.

माझा एक माजी विद्यार्थी, सचोटीचा आणि कष्टाळू दुकानदार, त्यानें मुलीच्या शिक्षणासाठीं सांठविलेल्या रकमेंतून अशी एक गाडी दूरच्या शहरांतून आणली. गाडी उत्तम होती. पहिल्याच पावसाळ्यांत गिअरबॉक्सनें दगा दिला. गाडी स्वयंचलित गिअरची; तिला दोर बांधून ओढतां येत नाहीं, सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. वाहतुकीचा, दुरुस्तीचा आणि चकरांचा खर्च मिळून मुलीची पहिल्या वर्षाची फी गेली. मुलगी शिकली, कारण आईनें बांगड्या मोडल्या. गाडी पुढें अर्ध्या किंमतीस गेली. चूक मोटार घेण्यांत नव्हती. राखून ठेवलेला पैसा आणि खर्चावयाचा पैसा यांमधली रेघ पुसली, ती चूक.

म्हणून खरेदीपूर्वीं एकच प्रश्न विचारावा: ही बिघडली तर नेणार कोठें? नाशिकला, छत्रपती संभाजीनगरला, कीं पुण्याला? आणि तेथें हिच्या जातीची गाडी जाणणारा, स्वतंत्र धंदा करणारा एखादा कुशल मिस्त्री आहे काय? असा मनुष्य आधीं शोधावा, त्याला योग्य मोबदला देऊन गाडी दाखवावी, आणि मगच इसार द्यावा. ज्या गाडीची देखभाल पहिल्या दिवसापासून वेळच्या वेळीं झाल्याचे कागद आहेत, ती दोन लाख अधिक देऊनही स्वस्त; आणि जिचे कागद हरवले आहेत, ती फुकट मिळाली तरी महाग.

ज्याला यंत्राची आवड आहे, मोठ्या रस्त्यानें वरचेवर प्रवास आहे, दारांत दुसरी एक साधी गाडी आहे आणि बँकेंत गाडीचा म्हणून निराळा पैसा आहे, त्यानें ही मोटार अवश्य घ्यावी. तिची सुरक्षितता, तिची स्थिरता, तिची घडण हे खरे गुण आहेत. त्यांचा आनंद कमी किंमतींत घेणें यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. पण शेजाऱ्यानें पाहावें म्हणून, किंवा लग्नाच्या बैठकींत वजन पडावें म्हणून जो ती घेईल, त्याला ती दर महिन्याला त्याचें मोल सांगत राहील. मोटार दारांत येण्याआधीं हिशेबाच्या वहींत यावी, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.