संगणकातील शर्यत

रायपूरच्या गुढियारीतील घाऊक बाजारात एखाद्या पेढीवर एकच खातेवही आणि दोन मुनीम आहेत अशी कल्पना करा. खात्यावर शिल्लक ५०० रुपये. पहिला मुनीम २०० जमा करण्यासाठी तो आकडा वाचतो. त्याच क्षणी दुसराही ३०० जमा करण्यासाठी तोच आकडा वाचतो. पहिला ७०० लिहितो. दुसरा ते खोडून ८०० लिहितो. व्हावयास हवे होते १,०००! लबाडी कोणीच केली नाही, तरी २०० रुपये नाहीसे झाले.

आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक गाभे एकाच स्मृतीवर काम करीत असल्याने तेथेही असेच घडते. हजार वेळा हिशेब जुळतो आणि एखाद्या वेळीच चुकतो, म्हणून हा दोष मोठा फसवा. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतील नियंत्रण कक्षाची धोक्याची सूचना देणारी यंत्रणा त्याआधी जवळजवळ दोन तास मुकी होती. तिच्या आज्ञावलीत अशीच शर्यत दडलेली होती. अनर्थाची कारणे इतरही होती, पण हे कारण गौण नव्हे.

गूगलमध्ये तयार झालेले ‘थ्रेडसॅनिटायझर’ हे साधन अशा शर्यती हुडकते. स्मृतीच्या दर आठ बाइटांमागे ते चार छायानोंदी ठेवते: कोणी वाचले, कोणी लिहिले, केव्हा. दोन नोंदींत आधी-नंतरचा निश्चित संबंध नसेल आणि त्यांतील एक जरी लेखनाची असेल, तर ते हाक देते.

हे साधन नव्या प्रोसेसरवर नेताना खरी अडचण येते ती या छायेच्या जागेची. इंटेल-पद्धतीच्या ६४-बिट लिनक्सवर आज्ञावलीला १२८ टेराबाइटांचे पत्ते मोकळे असतात. ३९ बिटांचे पत्ते वापरणाऱ्या रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर अवघे २५६ गिगाबाइटांचे. मूळ स्मृती आणि तिची छाया एवढ्यात बसवावयाची, म्हणजे सारा नकाशाच नव्याने आखणे आले. शिवाय काही भाग त्या प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत लिहावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर रिस्क-फाइव्हच्याच घराण्यातले आहेत. इंटेल-पद्धतीत एका गाभ्याने केलेली लेखने इतरांना त्याच क्रमाने दिसतात. रिस्क-फाइव्हच्या सामान्य नियमांत तो क्रम पालटलेला दिसू शकतो. तेथे वर्षानुवर्षे निमूट राहिलेला दोष येथे डोके वर काढतो.

मात्र या पहाऱ्याने आज्ञावली पाच ते पंधरा पट मंदावते. त्यामुळे तो चाचणीच्या वेळीच बसवतात. आणि चाचणीत आज्ञावली ज्या वाटेने गेली नाही, त्या वाटेवरची शर्यत त्यालाही दिसत नाही.