पंधरा वर्षांचा वाचक कोणत्या कपाटात?

आठवीत असताना मी आमच्या गावच्या वाचनालयात पहिल्यांदा एकटी गेले. बाहेरच्या खोलीत बाकावर चार-पाच वडीलधारी माणसे वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन वाचीत बसली होती. आतल्या खोलीत काचेची कपाटे होती आणि कपाटांना कुलपे. मला कादंबरी हवी होती. कोणती ते ठाऊक नव्हते, चाळून ठरवावयाचे होते. तेथील कर्मचाऱ्यांनी चष्म्यावरून माझ्या गणवेशाकडे पाहिले आणि बालविभागाच्या फळीकडे बोट केले. फळीवर इसापनीती, बिरबलाच्या गोष्टी आणि चित्रांची पाने फाटलेली काही पुस्तके होती. ती सारी मी चौथीतच वाचून संपविली होती. “मोठ्यांची पुस्तकं मोठ्यांच्या नावावर मिळतात. वडिलांना पाठव,” असे उत्तर मिळाले. वडील त्या वेळी ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्याच्या तळावर होते. फाल्गुनापर्यंत ते परतणार नव्हते. मी रिकाम्या हाताने घरी आले आणि पुढे अकरावीत महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे कार्ड हाती पडेपर्यंत पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाही.

हे रडगाणे म्हणून सांगत नाही. त्या गृहस्थांनी कपाट उघडले असते आणि पुस्तक हरवले असते, तर ते त्यांच्याच पगारातून गेले असते, हे आज मला कळते. पण तेरा ते अठरा या वयातील मुलामुलींना आपल्या सार्वजनिक ग्रंथालयात नेमकी जागा कोणती, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या भावाने तो पुन्हा उकरून काढला. तो दहावीत आहे. “तम्मा, मोबाईल ठेव आणि एखादं पुस्तक घे,” असे म्हटले तर तो म्हणाला, “अक्का, पुस्तकात काय असतंय? सगळं ह्यात हाय की!” त्याला काय उत्तर द्यावे ते त्या क्षणी मला सुचले नाही. हा लेख म्हणजे त्याला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम आपली व्यवस्था कशी आहे ते पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. या कायद्याखाली शासन स्वतः गावोगावी ग्रंथालये काढीत नाही. लोकांनी संस्था स्थापन करून चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता देते, ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास वगैरे पाहून त्यांना ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग देते आणि वर्गानुसार अनुदान देते. राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये बारा हजारांच्या आसपास आहेत. त्यांतील खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयास वर्षाकाठी ३० हजार रुपये मिळत. २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाली आणि ही रक्कम ४८ हजार झाली. म्हणजे महिन्याला चार हजार. पुस्तके, नियतकालिके, वीज आणि कर्मचाऱ्याचे मानधन हे सारे मुख्यतः त्यातूनच भागवावयाचे. अशा संस्थेकडून ‘संगणक का नाही’ म्हणून विचारताना आपली जीभ थोडी अडखळली पाहिजे.

मात्र पैशाइतकीच मोठी अडचण मांडणीची आहे. ग्रंथालयात बालविभाग असतो, महिला विभाग असतो आणि मग सर्वसाधारण विभाग. दहा वर्षांचे मूल पहिल्यात बसते आणि चाळिशीचा गृहस्थ शेवटच्यात. मधल्या वयाचे काय? शहरांत आणि तालुक्याच्या गावी त्यांच्यासाठी अलीकडे अभ्यासिका निघाल्या आहेत. तेथे मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात, पण आपलीच मार्गदर्शक पुस्तके घेऊन, स्पर्धा परीक्षांसाठी. शेजारच्या खोलीतील कपाटाशी त्यांचा संबंध येतोच असे नाही. खुर्च्या भरलेल्या आणि पुस्तके जागच्या जागी, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. अभ्यासिका गरजेची आहे, गरीब घरात दुसरी शांत जागा नसते, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण तिला वाचन म्हणणे म्हणजे एस.टी.च्या थांब्याला प्रवास म्हणण्यासारखे आहे.

आता मोबाईलचे. नवे यंत्र आले की पुस्तक मेले, अशी हाकाटी दर पिढीत उठते. ग्रंथालयाने यंत्राशी वैर धरलेच पाहिजे असे नाही, याचा सर्वांत चांगला दाखला आपल्याच एका मराठी माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सुमारास घालून दिला आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग झाला आणि १९०६-०७ च्या सुमारास तो सर्व राज्यभर लागू झाला. पण शाळा सुटली की मूल शिकलेले विसरते, हे त्यांच्या ध्यानात आले. १९०६ च्या अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. बॉर्डन १९१३ पर्यंत राहिले. एवढ्या अवधीत त्यांनी उभारलेली रचना पाहिली म्हणजे थक्क व्हावयास होते. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते आणि त्यात पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले होते. गावात वाचनालय काढावयाचे तर गावाने जितकी रक्कम जमवावी तितकीच सरकारने आणि तितकीच प्रांत पंचायतीने घालावी, असा नियम होता. ज्या गावी तेही शक्य नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात आणि पेटीच्या वाहतुकीचा खर्चही सरकार सोशी.

आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, या ग्रंथालय खात्याला दृक्‌शिक्षणाची एक शाखाच जोडलेली होती. मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप आणि चक्क चलचित्रे दाखविण्याची यंत्रे घेऊन तिची माणसे गावोगाव जात. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, म्हणजे हे सारे त्याच सुमाराचे. ज्याला अक्षर येत नाही त्याने चित्र पाहावे, चित्र पाहून त्याला अधिक जाणून घ्यावेसे वाटावे आणि ते अधिक त्याला पेटीतल्या पुस्तकात मिळावे, असा त्यामागील विचार मला दिसतो. त्या काळी सिनेमावर नाके मुरडणारे थोडे नव्हते. बडोद्याने त्यालाच पुस्तकाचा हरकाम्या केले.

आमच्या सांगली जिल्ह्यात उलट दिशेचा एक प्रयोग झाला आणि तो बराच गाजला. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टात ठरविले की, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजावा आणि दीड तास साऱ्या गावाने टी.व्ही. व मोबाईल बंद ठेवावेत. करोनाच्या काळात शाळेसाठी म्हणून हातात आलेला मोबाईल मुलांच्या हातून सुटेना, हे त्याचे कारण. मला या गावाचे कौतुक वाटते, विशेषतः मोठ्यांनीही मालिका बंद करावयास मान्यता दिली याचे. तरीही एक शंका राहते. भोंगा मोबाईल बंद करू शकतो, पण मोकळ्या झालेल्या दीड तासात मुलाच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज काय द्यावयाचे, हे भोंगा सांगू शकत नाही. ते काम ग्रंथालयाचे आहे. सातारा जिल्ह्यात भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले आणि घराघरांत पुस्तके मांडली गेली. पुढे आमच्या जिल्ह्यातील अंकलखोपचीही त्या योजनेत निवड झाली. पाहुण्यांनी यावे असे ते आहेच, पण घराच्या ओटीवर, कुलपाशिवाय, हात लावता येईल असे पुस्तक, ही त्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

परदेशांत या वयाचा विचार स्वतंत्रपणे झाला आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात मार्गारेट एडवर्ड्स या ग्रंथपाल बाई १९३२ पासून केवळ तरुण वाचकांसाठी खपल्या. १९४० च्या दशकात गरीब वस्त्यांतील मुले ग्रंथालयात येत नाहीत असे पाहून त्यांनी घोडागाडी भाड्याने घेतली आणि गल्लीबोळांतून पुस्तके नेली. स्टॉकहोममध्ये २०११ साली केवळ दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी ग्रंथालय उघडले. तेथे स्वयंपाकघरही ठेवले आणि आईबापांना आत येण्यास मज्जाव केला! शिकागोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात २००९ मध्ये ‘यूमीडिया’ नावाचा विभाग निघाला. तेथे पुस्तकांच्या बरोबरीने संगणक, कॅमेरे आणि गाणे मुद्रित करण्याची खोली होती. मुलाने नुसते येऊन बसावे, मग थोडी खटपट करून पाहावी आणि गोडी लागली तर त्यात बुडून जावे, अशी तेथील पद्धत. ‘चान्स द रॅपर’ या नावाने पुढे जगभर गाजलेला गायक मुलपणी तेथील खुल्या मंचावर गात असे. गाणे लिहावयाचे तर शब्द लागतात आणि शब्द लागले की मुलगा पुस्तकाकडे वळण्याचा संभव वाढतो. हा मार्ग लांबचा आहे खरा, पण ‘वाच’ म्हणून डोळे वटारण्यापेक्षा बरा.

जतमध्ये ही गाणी मुद्रित करण्याची खोली कोठून आणावयाची, असे कोणी विचारील. पण आमच्याच तालुक्यात जालिहाळ येथे येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचे ‘येरळावाणी’ हे समूह रेडिओ केंद्र निघाले. माण तालुक्यात म्हसवडला २००८ मध्ये माणदेशी तरंग सुरू झाले. दुष्काळी मुलखात यंत्र येत नाही असे नाही. ते आणि वाचनालय यांची गाठ पडत नाही, एवढेच. आठवड्यातून अर्धा तास गावच्या नववी-दहावीच्या मुलांनी वाचलेल्या पुस्तकावर बोलावे, हे अशा केंद्रावरून सहज होण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट, जी पुण्याकडच्या लेखांत वाचावयास मिळत नाही. सीमेलगतच्या आमच्या पूर्व भागात घरोघर कन्नड बोलली जाते. आमच्या घरीही तेच. अज्जीशी कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्हींची मिसळ. जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळाही येथे आहेत. चाळीस गावे कोणत्या राज्याची, यावर २०२२ च्या अखेरीस वर्तमानपत्रांतून बरेच रण माजले. त्या गावांतील मुलांना वाचावयास कन्नड पुस्तक मिळते काय, हे मात्र कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. असो. विषयांतर झाले.

मोबाईलमध्येच चांगला ऐवज किती आहे, हे दाखविणारा माणूस हवा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता मोबाईलवर विनामूल्य वाचता येतात. मराठी विश्वकोश आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ आहेत, खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील असंख्य पुस्तके भिजून गेली, तेव्हा जुन्या ग्रंथांची अशी दुसरी प्रत असण्याचे मोल सर्वांनाच कळले. पण दहावीच्या मुलाला हे आपोआप सापडत नाही. यंत्र त्याला त्याने काल पाहिले तेच आज दाखविते. त्याने न मागितलेले पण त्याला आवडेल असे काही पुढे करणे, हे काम अजून माणसालाच करावे लागते.

हे मला भावामुळेच उमगले. त्याने २०१७ चा ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट मोबाईलवर दोनदा पाहिला होता. हा बनेश फेणे भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतून आला आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून एक पुस्तक आणून काही न बोलता टी.व्ही.वर ठेवले. खरे तर ते त्याच्या वयाहून थोडे लहानांचे. तीन दिवसांनी तो म्हणाला, “पिक्चरमधला मोठा हाय. ह्यातला बरा हाय. आणखी हायत का?”

त्यावरून धीर आला. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराच्या निमित्ताने आम्ही चौघींनी गावात एक पत्र्याची पेटी ठेविली. बडोद्याची पेटी डोक्यात होती, शिवाय नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या २००९ पासूनच्या उपक्रमातील पेट्याही. पेटीत बेचाळीस पुस्तके भरली. तीस मराठी आणि बारा कन्नड. किल्ली नववीतील एका मुलीकडे व माझ्या भावाकडे दिली, कोणाही मोठ्या माणसाकडे नाही. वही ठेविली, अनामत घेतली नाही. पुस्तक परत करताना ज्याला वाटेल त्याने मोबाईलसमोर दोन मिनिटे त्याविषयी बोलावे आणि ते गावातील मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावे, अशी टूम भावानेच काढली. पहिले दोन आठवडे फक्त पाच पुस्तके हलली. मग एकाने भुताच्या गोष्टींवर इतके रंगवून सांगितले की त्या पुस्तकासाठी वहीत सात नावे रांगेत लागली. कन्नड पुस्तकांचे गिऱ्हाईक आम्ही धरले होते त्याहून निराळे निघाले. मुले ती घरी नेऊन अज्ज्यांना वाचून दाखवू लागली.

मुली संध्याकाळनंतर पेटीकडे येऊ शकत नाहीत, हे आमच्या आधी ध्यानात आले नव्हते. म्हणून पेटी देवळाच्या ओवरीतून उचलून शाळेशेजारच्या पिठाच्या गिरणीत ठेविली. दळण घेऊन मुली तेथे येतातच.

गेल्या आठवड्यात वही तपासली. बेचाळीसपैकी एकोणचाळीस पुस्तके जागेवर किंवा कोणाच्या तरी नावावर आहेत. दोन कोठे गेली ते कळत नाही. एक किल्लीवाल्या मुलीकडे आहे आणि ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आहे. जाताना किल्ली तिने भावाजवळ दिली. पुस्तक फाल्गुनात परत येईल, असा तिच्या अज्जीचा निरोप आहे.