लाटेखालचा फुजी

जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट आता टी-शर्टवर आणि मोबाइलच्या कव्हरवरही दिसते आणि बहुतेकांचे लक्ष लाटेवरच थांबते. पण १८३१च्या सुमारास छापलेले हे चित्र ज्या मालिकेतले आहे, तिचे नाव ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’. म्हणजे नायक पर्वत आहे, आणि तो लाटेच्या कमानीखाली, क्षितिजालगत, अगदी लहानसा काढला आहे. जपानी निसर्गचित्रांत प्रतीकाला अर्थ येतो तो त्याच्या जागेमुळे, असे मला ठामपणे वाटते. फुजी पवित्र आहे हे एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रहिवाशांना सांगावे लागत नव्हते. होकुसाईने समोरच्या एका लाटेला त्याच पर्वताचा आकार दिला, माथ्यावर बर्फासारखा फेस चढवला. क्षणात फुटणारे पाणी आणि न हलणारा डोंगर एकाच घडणीचे झाले. मध्ये तीन होड्यांतले नावाडी जीव मुठीत धरून वाकलेले.

यावर कोणी म्हणेल, ही तर स्वस्तात विकली जाणारी छापील चित्रे. त्यांत एवढा अर्थ कशाला शोधायचा? धंदा होताच. चित्रकार, लाकडी ठसे कोरणारा, छापणारा आणि पैसे घालणारा प्रकाशक अशी सगळी साखळी होती. पण फुजीची यात्रा करणारी भक्तमंडळे एदोत होती, शहरात फुजीच्या छोट्या टेकड्याही उभारल्या गेल्या होत्या. ही श्रद्धा होती म्हणूनच फुजी खपत होता. दूरचे लहान दाखवण्याची रीत युरोपातून आली, हेही खरे. मात्र सगळ्यात पूज्य गोष्टच लहान करायची, हा निर्णय होकुसाईचा.

हिरोशिगे या दुसऱ्या जपानी चित्रकाराने १८५७ साली एदोतल्या कामेइदोच्या बागेतले प्लमचे झाड याच्या उलट रीतीने रंगवले. काळसर खोड डोळ्यांसमोर आडवे येते, चौकट त्याला कापते आणि बाग पाहायला आलेली माणसे फांद्यांमागे ठिपक्यांएवढी उरतात. थंडी सरण्याआधीच फुलणारे प्लम हे चिकाटीचे प्रतीक. त्यामुळे पांढऱ्या फुलांपेक्षा खडबडीत खोडाला मिळालेली जागा मला अचूक वाटते. व्हॅन गॉगने १८८७मध्ये पॅरिसला असताना या चित्राची तैलरंगात नक्कल केली आणि कडेला चित्राशी संबंध नसलेली जपानी अक्षरे रंगवली. मग रचना प्रतीकावाचूनही उभी राहते, असे म्हणायचे का? राहते, पण अर्धीच: फांदीचा धीटपणा पॅरिसला पोचला, तिच्यातला थंडीचा संदर्भ एदोतच राहिला.