मोटरसायकलचे चाक घरी काढताना

आपल्याकडची बंडी सर्वांनी पाहिली आहे. तिच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी असते. तिला आपण धाव म्हणतो. लोहार ती धाव तापवून लाल करतो, चाकावर चढवतो आणि वरून पाणी ओततो. लोखंड गार होते, आवळते आणि चाकाला घट्ट धरून बसते. मोटरसायकलचा टायर म्हणजे तिची धावच. फरक एवढाच की ती रबराची आहे आणि तिच्या पोटात हवा आहे. असा हवेचा टायर जॉन डनलॉप नावाच्या माणसाने 1888 साली बेलफास्ट शहरात तयार केला. हा गृहस्थ गुरांचा डॉक्टर होता बरे का! त्याच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल रस्त्यावर फार हादरे खाई. म्हणून त्याने ही युक्ती काढली.

आमच्या गावचा एक तरुण रोज मोटरसायकलवरून नागपूरला दूध नेतो. एके सकाळी तो दारात आला. म्हणाला, "गुरुजी, मागचा टायर फाटला जी. गाडी हालतच नाही. चक्काच काढून एस.टी.ने नेतो म्हणतो. जमते काय?"

मी म्हटले, "जमते बाप्पा. पण घाई केली तर हातपाय मोडतात."

आम्ही दोघांनी मिळून चाक काढले. तेच आता तुम्हांला सांगतो. साधी गाडी, मागे ड्रमचा ब्रेक आणि मधला स्टँड असलेली, अशी धरून चाला. मधला स्टँड नसेल तर हे काम घरी करूच नका. विटांवर उभी केलेली गाडी केव्हा अंगावर येईल याचा नेम नाही.

जागा सपाट व टणक पाहिजे. शेणाने सारवलेल्या अंगणात स्टँड रुततो. तिथे खाली जाड फळी ठेवा. इंजिन गार होऊ द्या. गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि किल्ली काढून खिशात ठेवा. इंजिन सुरू ठेवून चेनजवळ बोट नेणाऱ्यांची बोटे तुटलेली आहेत. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा.

आता चाक नीट पाहा. मधून एक लोखंडी दांडा आरपार गेला आहे. तो आस. बंडीच्या आसाला खीळ असते, तसा इथे नट असतो. हा नट फार घट्ट असतो. तो गाडी जमिनीवर असतानाच थोडा सैल करावा. गाडी स्टँडवर चढवून मग पान्ह्याला झटके दिले तर गाडी कलंडते. सैल करायचा, काढायचा नाही. मग गाडी स्टँडवर घ्या.

आसाच्या दोन्ही टोकांशी चेन ताणायची पट्टी असते. तिच्यावर खुणा असतात. आस कितव्या खुणेवर आहे ते दोन्ही बाजूंनी मोजा आणि कागदावर लिहा. घरात मोबाइल असेल तर फोटो काढा. मी मात्र कागदावरच लिहितो. जुनी सवय.

पुढे ब्रेकची सळई. तिच्या टोकाचा नट फिरवून काढा. तिथे एक स्प्रिंग आणि एक लहान पिन असते. ती गवतात पडली की सापडत नाही. म्हणून सळईवरच परत अडकवून ठेवा. त्यानंतर येते ती ब्रेकच्या झाकणाला धरून ठेवणारी चपटी दांडी. तिच्या नटातून एक दुहेरी तारेची पिन गेलेली असते. पिन सरळ करून काढा, मग नट काढा. ही दांडी लक्षात ठेवा. तिची गोष्ट पुढे सांगतो.

आता आसाचा नट पूर्ण काढा आणि आस दुसऱ्या बाजूने ओढा. अडला तर लाकडाचा ठोकळा लावून ठोका. लोखंडी हातोड्याने आटे बिघडतात, मग नट बसत नाही. आस निघताना एक नळीसारखा तुकडा खाली पडतो. तो कोणत्या बाजूचा ते पाहून ठेवा. काही गाड्यांत चेनचे दातेरी चक्र जागेवरच राहते आणि चाक सुटे होते. काहींत चेन उतरवावी लागते. एकाने गाडी किंचित कलती धरावी, दुसऱ्याने चाक मडगार्डखालून ओढावे. एकट्याने हे करू नये.

आमचा दूधवाला चाक घेऊन निघाला, तेव्हा मी त्याला थांबवले. म्हटले, "आता तुला वाचता येते ना? मग टायर वाच." जुन्या टायरच्या अंगावर लिहिले होते 2.75-18. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचात. नवा टायरही त्याच मापाचा घ्यावा. आणखी एक चार आकड्यांचा शिक्का असतो. समजा 1824 आहे. म्हणजे टायर 2024 सालच्या अठराव्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षानुवर्षे पडलेले रबर कडक होते. म्हणून हे चार आकडे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार हसला तर हसू द्या. दुचाकीचे टायर बनवणारा सिएट कंपनीचा कारखाना तर आपल्या नागपूरजवळ बुटीबोरीलाच आहे. तेव्हा ताजा माल मागायला लाजायचे कशाला?

टायरवर बाण असला तर तो चाक पुढे फिरते त्या दिशेला हवा. टायर चढवताना साबणाचे पाणी लावतात. डिझेल किंवा तेल लावू नये, रबर खराब होते.

चाक परत बसवताना सारे उलट क्रमाने. कागदावरच्या खुणा दोन्ही बाजूंना जुळवा. खुणा कमीजास्त झाल्या तर चाक तिरके बसते आणि चेन लवकर झिजते. खालची चेन मधोमध बोटाने वरखाली करून पाहा. साधारण एक इंच हालली पाहिजे. नक्की माप गाडीच्या पुस्तिकेत असते.

आता त्या चपट्या दांडीची गोष्ट. वीसएक वर्षांपूर्वी मी घरीच चाक बसवत होतो. दांडीचा नट हाताने फिरवला, एवढ्यात कोणी हाक मारली. पान्ह्याने आवळायचे राहिले. पिन तर कागदावर तशीच पडून. दोन दिवसांनी रस्त्यात गाय आडवी आली. मी ब्रेक दाबला. नट केव्हाच गळून पडला होता. दांडी सुटली, ब्रेकचे झाकण चाकाबरोबर फिरले, सळई वाकली आणि चाक जागच्या जागी अडकले. मागे घरची मंडळी बसली होती. तिचे मनगट मोडले. दीड महिना तिला भाकरी थापता आली नाही. ती मला काही बोलली नाही, पण मी अजून ती पिन दोनदा पाहतो.

पुढच्या चाकाचेही तसेच. तिथे ब्रेकच्या झाकणाला खाच असते आणि पुढच्या नळीला उंचवटा. उंचवटा खाचेत बसलाच पाहिजे. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका. आतल्या गाद्या जवळ येतात आणि चाक परत बसत नाही.

सर्व झाले की चाक हाताने फिरवा. ब्रेक चारपाच वेळा दाबा. मग गाडी ढकलत नेऊन पुन्हा ब्रेक दाबा. त्याच दिवशी मिस्त्रीकडे नेऊन आसाचा नट मापाच्या पान्ह्याने तपासून घ्या. हवा सकाळी, टायर गार असताना भरावी. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते, म्हणून ती सोडून देऊ नये. नवा टायर पहिले काही दिवस निसरडा असतो, वळणावर सावकाश जावे.

आणि जुना टायर अंगणात टाकू नका. पावसाचे पाणी त्यात साचते आणि डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. आमच्या दूधवाल्याने त्याला खाली चार भोके पाडली आणि गोठ्याच्या खांबाला बांधला. आता म्हैस त्यावर अंग घासते.